पाटीवर 'हिस्टॉरिक' की 'हिस्टॉरिकल'?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्न पाठवणाऱ्या गृहस्थांचा पन्हाळ्याच्या वाटेवर होमस्टे आहे. रस्त्याकडेला इंग्रजी पाटी लावायची आहे, सोबत चार पानी माहितीपत्रक छापायचं आहे. मजकूर त्यांनी स्वतःच केला आणि त्यात 'हिस्टॉरिकल' हा शब्द चार ठिकाणी आला: जवळच असलेला हिस्टॉरिकल पन्हाळा किल्ला, आजोबांनी 1936 साली बांधलेलं हिस्टॉरिकल घर, चुलीवरचं हिस्टॉरिकल कोल्हापुरी जेवण, आणि रात्री अंगणात बसून मामा सांगतात त्या हिस्टॉरिकल गोष्टी. पुण्याच्या मेव्हण्यांनी मजकूर तपासताना चारही ठिकाणी 'हिस्टॉरिक' करून पाठवलं. छापखान्यातल्या डीटीपीवाल्यानं ते परत 'हिस्टॉरिकल' केलं, कारण 'हिस्टॉरिक' हा शब्द त्याला अर्धवट सुटल्यासारखा वाटला. पेंटर अक्षरावर पैसे घेतो आणि एकदा रंगवल्यावर खाडाखोड करणार नाही म्हणतो. 'दोन्हीचा अर्थ ऐतिहासिकच ना? मग बरोबर कुठला ते एकदा सांगून टाका,' असं त्यांचं म्हणणं.

सांगून टाकते, पण एका शब्दात जमणार नाही. चारपैकी एका ठिकाणी मेव्हणे बरोबर आहेत, एका ठिकाणी तुम्ही, आणि उरलेल्या दोन ठिकाणी तुम्ही दोघंही चुकलात. कुठलं काय, ते पुढे येईलच.

मी कोल्हापुरात भाषांतराची कामं करते. चोवीस वर्षं झाली. कारखान्यांची हिशेबपत्रकं, जमिनीचे दस्त, संस्थांचे अहवाल, हॉटेलांची पत्रकं, येईल ते काम. 'ऐतिहासिक' हा शब्द आपल्या गावात इतका वापरतात की आठवड्यातून दोनदा तरी तो माझ्या टेबलावर येतोच. बातमीत बिंदू चौकाच्या आधी 'ऐतिहासिक' लागलं नाही तर तिथं सभा झाली असं वाटत नाही. दसरा चौकाचंही तेच. आणि दर वेळी हा शब्द आला की मला थांबावं लागतं. कारण खरा गुंता इंग्रजीत नाहीच, तो मराठीत आहे.

'ऐतिहासिक' या आपल्या एका शब्दाकडे आपण दोन-तीन वेगळी कामं सोपवली आहेत. 'ऐतिहासिक कादंबरी' म्हणतो तेव्हा ती इतिहासावर बेतलेली आहे एवढंच सांगायचं असतं. ती भिकार असली तरी ऐतिहासिकच. 'ऐतिहासिक विजय' म्हणतो तेव्हा मात्र तो विजय जुना आहे असं मुळीच म्हणायचं नसतं. तो काल रात्री झालेला असू शकतो. म्हणायचं असतं ते असं की याची नोंद राहील, पुढची माणसं याचं नाव काढतील. पहिल्या ठिकाणी शब्द नुसती जात सांगतो, दुसऱ्या ठिकाणी तो मोल करतो. मराठी वाचणारा हे संदर्भावरून आपोआप ओळखतो, त्यामुळे आपल्याला फरक आहे हेच जाणवत नाही. इंग्रजीनं मात्र ही दोन कामं दोन शब्दांत वाटून टाकली आहेत. इतिहासाशी नातं सांगणारा तो हिस्टॉरिकल. इतिहासात मानाची जागा असलेला, किंवा पुढे मिळवणारा, तो हिस्टॉरिक.

मला पटकन तपासायचं असेल तर मी मराठी वाक्यातून 'ऐतिहासिक' काढून टाकते आणि तिथं आधी 'इतिहासाचा' किंवा 'इतिहासातला' घालून बघते. बसलं तर हिस्टॉरिकल. नाही बसलं, तर 'इतिहासात नोंद व्हावी असा' घालते. ते बसलं तर हिस्टॉरिक. 'इतिहासाचा अभ्यास', 'इतिहासातली पात्रं' हे बसतं. 'इतिहासातला विजय झाला' असं काल रात्रीच्या सामन्याबद्दल कुणी म्हणणार नाही. गंमत तेव्हा येते जेव्हा दोन्ही बसतं, आणि तेव्हा मात्र लिहिणाऱ्याला फोन करून विचारावं लागतं, 'दादा, तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय?'

याचं माझं आवडतं उदाहरण आपल्याच गावातलं आहे, सिनेमाचं. मूकपटांच्या काळापासून आपल्याकडे चित्रपटांच्या जाती ठरलेल्या: पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक. हिंदुस्थानी सिनेमाच्या इंग्रजीतही तेच तीन कप्पे, मायथॉलॉजिकल, हिस्टॉरिकल आणि सोशल. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं कोल्हापुरात या तिन्ही जातींचे चित्रपट काढले. 1920 चा 'सैरंध्री' पौराणिक, 1923 चा 'सिंहगड' ऐतिहासिक, 1925 चा 'सावकारी पाश' सामाजिक. आता बघा, 'सावकारी पाश' हा हिस्टॉरिकल चित्रपट नाही. त्यात ना किल्ला, ना तलवार. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची ती गोष्ट आहे. पण भारतीय सिनेमाचा इतिहास लिहिणारा माणूस त्याला वगळून पुढे जाऊ शकत नाही, म्हणून तो हिस्टॉरिक चित्रपट. उलट शिवकाळावर दर वर्षी जे चित्रपट निघतात ते सगळे हिस्टॉरिकल. त्यातले हिस्टॉरिक किती, हे तुमचं तुम्ही ठरवा.

'पौराणिक' हा शब्द आला तेव्हा तिसऱ्या छटेचंही बोलून घेते. खरोखर घडलेलं, पुराव्यानं सांगता येणारं, असाही 'ऐतिहासिक'चा एक अर्थ आहे. कोल्हासुराची कथा पौराणिक. अंबाबाईच्या देवळातले शिलालेख हा ऐतिहासिक पुरावा. इथं इंग्रजीत कायम हिस्टॉरिकल. एखाद्या व्यक्तीला 'हिस्टॉरिकल फिगर' म्हटलं की ती खरोखर होऊन गेली एवढाच दावा असतो. 'हिस्टॉरिक फिगर' म्हटलं की तिच्या थोरवीचा दावा. बाजीप्रभूंबद्दल दोन्ही म्हणता येतं, पण वाक्यात आपण पुराव्याचं बोलतोय की पराक्रमाचं, त्यावर शब्द बदलतो. एका महाविद्यालयीन मुलीच्या निबंधात मी 'हिस्टॉरिक एव्हिडन्स' वाचलं होतं. तिला म्हणायचं होतं ऐतिहासिक पुरावा, पण वाचताना वाटत होतं की पुरावा सापडला म्हणून गावात मिरवणूक निघाली.

दुसरीकडे, एकाच काळातल्या कागदांनाही वेगवेगळा शब्द लागू शकतो हेही लक्षात ठेवा. 26 जुलै 1902 ला शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या 50 टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. तो हुकूम हिस्टॉरिक, यात शंका नाही. पण अभिलेखागारातल्या दप्तरांत त्याच काळातली शेकडो पत्रं आहेत, कुणाच्या पगाराची, कुणाच्या घोड्याच्या चाऱ्याची. ती सगळी हिस्टॉरिकल कागदपत्रं. त्यांना हिस्टॉरिक म्हटलं तर घोड्याचा चारा डोक्यावर बसतो. संशोधकाला मात्र चाऱ्याचा कागदही तितकाच प्रिय असतो, ती गोष्ट वेगळी.

आता हे सगळं व्याकरणाचं कौतुक म्हणून सोडून देऊ नका. या दोन अक्षरांनी माझं एकदा नाक कापलं आहे. 2019 च्या महापुरानंतर नदीकाठच्या एका जागेबद्दलचा अहवाल माझ्याकडे इंग्रजी करायला आला होता. कोल्हापूरकरांना सांगायला नको, पंचगंगेची पातळी आपण राजाराम बंधाऱ्यावर मोजतो, 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका, आणि 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं. (2021 लाही गेलं, पण हा अहवाल त्याच्या आधीचा.) मूळ मराठीत वाक्य होतं, 'नदीच्या ऐतिहासिक पूरपातळ्या जोडपत्रात दिल्या आहेत.' माझ्या डोक्यात तेव्हा ताजा महापूर. मी बिनदिक्कत 'हिस्टॉरिक फ्लड लेव्हल्स' लिहून मोकळी झाले. पलीकडे परगावचा अभियंता होता. त्यानं त्याचा सरळ अर्थ घेतला, की जोडपत्रात फक्त गाजलेल्या महापुरांचे आकडे आहेत. त्याला हवे होते वर्षांमागून वर्षांचे, साध्या पावसाळ्यांचेसुद्धा. त्यानं जोडपत्र उघडलंच नाही, पत्र पाठवून आकडे मागितले. इकडच्या मंडळींना कळेना की दिलेले आकडे हा परत का मागतोय. दोन आठवडे पत्रं इकडून तिकडे. आकडे पहिल्या दिवसापासून जोडपत्रातच होते. तिथं हवं होतं 'हिस्टॉरिकल', म्हणजे आजवरच्या नोंदींतल्या. महापुराबद्दल वेगळं वाक्य असतं तर तो हिस्टॉरिक. चूक सपशेल माझी, आणि त्या कामाचे पैसे मागताना मला जरा लाजच वाटली.

उलट्या दिशेनंही घोळ होतो. हिशेबाच्या इंग्रजीत 'हिस्टॉरिकल कॉस्ट' अशी संज्ञा आहे. मालमत्ता जेव्हा घेतली तेव्हा प्रत्यक्ष मोजलेली किंमत, म्हणजे मूळ खरेदी किंमत. एका संस्थेच्या अहवालात कुणीतरी त्याचं 'ऐतिहासिक किंमत' केलं होतं. वार्षिक सभेत एका सभासदानं उभं राहून विचारलं, 'कवडीमोलानं घेतलेल्या जागेला ऐतिहासिक किंमत कशी काय दिली? कुणाचं भलं केलं?' अध्यक्षांना घाम फुटला. त्या सभासदाचं काही चुकलं नव्हतं. मराठीत किमतीला 'ऐतिहासिक' लावलं की ती विक्रमीच वाटणार. म्हणून माझा नियम असा की इंग्रजीतून मराठीत येताना 'हिस्टॉरिकल' दिसलं की 'ऐतिहासिक' हा शब्द शेवटचा पर्याय म्हणून घ्यायचा. 'आजवरचा', 'पूर्वीचा', 'मूळ', 'इतिहासातला', 'नोंदींनुसार' यांपैकी एक बहुतेक वेळा जास्त चपखल बसतो. 'हिस्टॉरिकल डेटा' म्हणजे 'मागील नोंदी', बस.

इथपर्यंत सगळं सरळ वाटलं असेल तर आता जरा वाकडं सांगते, नाहीतर उद्या तुमचे मेव्हणे मला पकडतील.

पहिली अडचण जागांची आणि इमारतींची. माझ्या वरच्या कसोटीनं एखादा जुना वाडा 'इतिहासातला' म्हणून हिस्टॉरिकल ठरायला हवा. पण इंग्रजी वापरात इमारती, शहरं, परिसर यांना 'हिस्टॉरिक' लावायची पक्की सवय आहे, तिथं जग बदलून टाकणारं काही घडलेलं नसलं तरी. 2017 साली अहमदाबाद जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते 'हिस्टॉरिक सिटी' म्हणूनच. इंग्लंडमध्ये जुन्या वास्तूंचं बघणाऱ्या संस्थेचं नाव 'हिस्टॉरिक इंग्लंड'. अमेरिकेत सरकारी यादी आहे ती 'हिस्टॉरिक प्लेसेस'ची. म्हणजे जागेच्या बाबतीत 'हिस्टॉरिक'चा अर्थ जवळपास 'जपण्यासारखी जुनी' असा झाला आहे. त्यातही मोल केलेलं आहेच, कारण जुनं ते सगळंच कुणी जपत नाही.

आणि सरकारी भाषेत तर या दोघांची कुस्ती बरोबरीत सुटते. आपल्या 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात व्याख्या आहे ती 'हिस्टॉरिकल, आर्किऑलॉजिकल ऑर आर्टिस्टिक इंटरेस्ट' असलेल्या आणि किमान 100 वर्षं उभ्या असलेल्या बांधकामांची. ब्रिटनच्या 1990 च्या कायद्यात, जवळपास त्याच कामासाठी, शब्द आहेत 'आर्किटेक्चरल ऑर हिस्टॉरिक इंटरेस्ट'. एकाच कामाला इथं एक आणि तिथं दुसरा. तेव्हा कायद्यातला किंवा संस्थेच्या नावातला शब्द असेल तर अक्कल चालवायची नाही, जसा आहे तसा उतरवायचा. मी एकदा एका संस्थेचं नाव 'सुधारून' दिलं होतं. त्यांच्या नोंदणी प्रमाणपत्रावर ते नाव तसंच होतं. पुढचं सांगत नाही.

दुसरी अडचण जुन्या पुस्तकांची. घरात आजोबांच्या काळची इंग्रजी पुस्तकं असतील तर त्यांत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी खुशाल वापरलेले सापडतील. दोघांचं मूळ एकच, ग्रीकमधून लॅटिनमार्गे आलेलं. फरक हळूहळू, वापरातून पडला. म्हणून जुन्या लेखकानं 'हिस्टॉरिक' लिहिलंय म्हणजे तो अडाणी, असं समजू नका. आणि कुणी जुनं पुस्तक पुढे करून 'बघा, चालतं' म्हणालं तर हो म्हणा, पण पाटी आजची आहे हेही सांगा.

तिसरी गोष्ट छोटीच, पण फसवी. क्रियाविशेषण करताना दोघांचं रूप एकच होतं, 'हिस्टॉरिकली'. त्यामुळे 'साखरेचे भाव हिस्टॉरिकली कमी आहेत' या वाक्यातून दोन अर्थ निघतात: भाव आजवर कमीच राहिलेत, किंवा भाव आजवर कधी नव्हते इतके पडलेत. कारखान्याच्या अहवालात असं वाक्य आलं की मी ते मोडून नव्यानं लिहिते.

तुमच्या मेव्हण्यांनी बहुतेक आणखी एक ऐकलं असेल, की शेवटी 'अल' लागलं तर साधा अर्थ आणि नाही लागलं तर भारी अर्थ. हा नियम म्हणून धरू नका, पहिल्याच वळणावर आपटाल. 'क्लासिक' आणि 'क्लासिकल'ला तो लागू पडतो. 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात दर्जा दिला तो 'क्लासिकल लँग्वेज' म्हणून, म्हणजे एका विशिष्ट वर्गातली भाषा. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते, ते क्लासिकल गायक. त्यांच्या घराण्यातली एखादी ध्वनिमुद्रिका क्लासिक, म्हणजे आपल्या जातीतली सर्वोत्तम. इथं आपल्या मराठीनं तरी 'शास्त्रीय' हा वेगळा शब्द हाताशी ठेवलाय. पण 'इकॉनॉमिक' आणि 'इकॉनॉमिकल' घ्या, सगळं उलटं. तिथं 'अल' नसलेला शब्द साधा, अर्थव्यवस्थेशी संबंधित, आणि 'अल' लागलेला गुण सांगणारा, काटकसरीचा, परवडणारा. शिरोलीच्या एका फाउंड्रीवाल्यांनी परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायच्या पत्रात 'इकॉनॉमिक रेट्स' लिहिलं होतं. त्यांना स्वस्त दर म्हणायचं होतं. मी 'कॉम्पिटिटिव्ह' केलं आणि दोन्ही शब्दांतून सुटका करून घेतली. तसंच 'इकॉनॉमिक सर्व्हे' म्हणजे आर्थिक पाहणी, 'इकॉनॉमिकल सर्व्हे' म्हणजे थोडक्या पैशात उरकलेली पाहणी. 'इलेक्ट्रिक मोटर' आणि 'इलेक्ट्रिकल इंजिनिअर' यांत तर मोलाचा प्रश्नच नाही, नुसती सवय. तेव्हा प्रत्येक जोडी वेगळी ओळखून ठेवायची. शेपटीवरून जात ठरवायची नाही.

बोलताना तर आपल्याकडे हा फरक आणखी पुसट होतो. इंग्रज माणूस 'हिस्टरी' म्हणताना पहिल्या अक्षरावर जोर देतो आणि 'हिस्टॉरिक' म्हणताना दुसऱ्या. आपण सगळी अक्षरं सारख्याच जोरानं म्हणतो आणि शेवटचा 'ल' घाईत गिळतो. जोर दुसऱ्या अक्षरावर गेला की सुरुवातीचा 'ह' ढिला पडतो, म्हणून जुने इंग्रज त्याच्या आधी 'अ' न लावता 'अॅन' लावायचे. अजूनही काही लावतात. तुम्ही 'अ' लावा, कुणी काही म्हणणार नाही.

आता तुमचा मजकूर.

पन्हाळा. इथं मेव्हणे बरोबर, 'हिस्टॉरिक पन्हाळा फोर्ट'. जागेला 'हिस्टॉरिक' लावायचा रिवाज आहे तो सोडा, पण या किल्ल्यानं तो शब्द कमावलेलाही आहे. शिलाहार भोज राजाच्या काळापासूनचा गड, 1660 चा सिद्दी जौहरचा वेढा, 12 जुलैच्या पावसाळी रात्री महाराजांचं विशाळगडाकडे निसटणं, पुढे ताराराणींची राजधानी. आणि जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या 12 किल्ल्यांपैकी एक म्हणून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. 'हिस्टॉरिकल फोर्ट' लिहिलं असतं तर गुन्हा नव्हता, भारतात निम्म्या पाट्यांवर तेच असतं. परदेशी पाहुण्याला ते जरा अडखळल्यासारखं वाटतं, इतकंच. खरं सांगू, नुसतं 'वर्ल्ड हेरिटेज' म्हटलंत तर बाहेरचा पाहुणा विशेषणापेक्षा त्यावर गाडी वळवेल.

घर. इथं दोघंही चूक. 1936 चं म्हणजे शंभरीसुद्धा भरलेली नाही, आणि त्या घरात इतिहासात जाईल असं काही घडलं असतं तर तुम्ही ते प्रश्नात पहिल्यांदा लिहिलं असतं. रागावू नका. घर सुंदरच असणार. पण 'हिस्टॉरिक हाउस' वाचून आलेला पाहुणा पहिल्या चहालाच विचारेल, 'इथं काय घडलं होतं?' आणि तुम्हाला सांगावं लागेल, 'काही नाही, आजोबा राहायचे.' त्यापेक्षा सरळ लिहा, आजोबांनी 1936 मध्ये बांधलेलं घर. साल स्वतःच बोलतं. भिंती मातीच्या असतील, माळा सागवानी असेल, तर तेही लिहा. यात एक गोष्ट मात्र परिस्थितीवर आहे: त्या घरी स्वातंत्र्यलढ्यातलं कुणी भूमिगत राहून गेलं असेल, प्रजा परिषदेच्या बैठका झाल्या असतील, आणि त्याचा कागद किंवा खात्रीचा माणूस असेल, तर मी माझं म्हणणं मागे घेते. मग ते हिस्टॉरिक.

जेवण. इथंही दोघं चूक, आणि ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला 'हिस्टॉरिकल' म्हटलं तर तो इतिहासाच्या पुस्तकातला होतो, 'हिस्टॉरिक' म्हटलं तर पाहुण्याला वाटेल या रश्श्यावर तह झाला होता. तुम्हाला म्हणायचंय पारंपरिक. त्याला 'ट्रॅडिशनल' हा साधा शब्द आहे. माझं मत विचाराल तर तोही नको, 'चुलीवर शिजवलेलं' एवढं लिहा. मटण चुलीवरचं आहे हे कळल्यावर परंपरेचं प्रमाणपत्र कुणी मागत नाही.

मामांच्या गोष्टी. इथं तुम्ही बरोबर होता आणि मेव्हण्यांनी बिघडवलं. 'हिस्टॉरिकल स्टोरीज', इतिहासातल्या गोष्टी. 'हिस्टॉरिक' केलं तर गोष्टी सांगणं हीच इतिहासात नोंद होणारी घटना ठरते. मामा रंगून सांगत असतील यात शंका नाही, पण तरी. मात्र मामा शिवा काशिदांची गोष्ट सांगत असतील तर मोघम 'गोष्टी' न म्हणता तेच नाव द्या. नेबापूर तुमच्या दारातच आहे. महाराजांचा वेश करून पालखीत बसलेल्या माणसाची गोष्ट त्याच डोंगराखाली बसून ऐकायची, यासाठी पाहुणा एक रात्र जास्त राहील.

तुमच्या निमित्तानं एक तक्रारही करून घेते. 17 ऑगस्ट 2025 ला कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं. वकील मंडळींनी चार दशकं ज्यासाठी लढा दिला, तो दिवस हिस्टॉरिक म्हणायला कुणाचीच हरकत नाही. त्याबद्दल लिहिताना 'हिस्टॉरिकल बॅकग्राउंड' असं उपशीर्षक देऊन जुन्या मागणीची हकिकत सांगितली तर तेही अगदी बरोबर, एकाच लेखात दोन्ही शब्द आपापल्या जागी. पण त्याच आठवड्यात माझ्याकडे एका दुकानाच्या 'ऐतिहासिक सवलत योजने'चं पत्रक इंग्रजी करायला आलं. मी दुकानदाराला विचारलं, सवलत किती? तो म्हणाला, दहा टक्के. मी 'टेन पर्सेंट ऑफ' लिहून दिलं. तो म्हणाला, 'ताई, वजन कमी वाटतंय.' शेवटी मी 'बिग' घातला. हिस्टॉरिक नाही घातला.

मशीनवर भाषांतर करून घेणार असाल तर माझा अनुभव असा की 'ऐतिहासिक' टाकलं की ते बहुतेक वेळा 'हिस्टॉरिकल' देतं, कारण तुमच्या मनात नेमकं काय आहे ते त्याला कळत नाही. तुमचा मूळ मजकूर वाचून मला तोच संशय आला होता. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण मग मराठीतच 'ऐतिहासिक'च्या जागी नेमका शब्द घालून बघा. 'जगप्रसिद्ध पन्हाळा', 'इतिहासातल्या गोष्टी', 'चुलीवरचं जेवण' असं दिलं की मशीनही फारसं चुकत नाही.

पाटीसाठी एवढंच करा: एका ओळीत होमस्टेचं नाव, दुसऱ्या ओळीत 'नियर हिस्टॉरिक पन्हाळा फोर्ट', आणि तिसऱ्या ओळीत बाण काढून अंतर. बाकीचं माहितीपत्रकात. स्पेलिंग स्वतःच्या हातानं मोठ्या कॅपिटल अक्षरांत कागदावर लिहून पेंटरला द्या, फोनवरून सांगू नका, आणि शेवटी 'ए' आणि 'एल' नको हे दोनदा सांगा, कारण तोही डीटीपीवाल्यासारखा शब्द पुरा करायला जाईल. तो अक्षरावर पैसे घेतो म्हणालात ना, तेवढी दोन अक्षरं वाचली. घराच्या आणि जेवणाच्या ओळी पाटीवरून गेल्या, त्यांची वेगळी.